टीम-अप पिक्चरच्या पब्लिक रिअ‍ॅक्शन वाचायच्या कशा, आणि स्वतःची लिहायची कशी

मोठा सुपरहिरो टीम-अप पिक्चर, म्हणजे वेगवेगळे हिरो एकत्र येतात तो, आला की दोन-तीन दिवस सगळीकडे नुसता दंगा असतो. कोणी म्हणतं असलं काही जन्मात बघितलं नव्हतं, कोणी म्हणतं तीन तास डोकं उठलं, आणि गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात. एकट्या हिरोच्या पिक्चरचं एवढं होत नाही, गोष्ट आवडली किंवा नाही आवडली, विषय संपला. टीम-अपला मात्र प्रत्येक जण वेगळी तयारी करून आलेला असतो, कोणी आधीचे सगळे पिक्चर पाठ करून, कोणी फक्त आपल्या एका लाडक्या हिरोसाठी, कोणाला तर मित्रांनी हाताला धरून ओढत आणलेलं, आणि पडद्यावर सीन एकच चालू असला तरी या तिघांना तीन वेगळे पिक्चर दिसत असतात. म्हणून रिअ‍ॅक्शन वाचताना "चांगला आहे का" च्या आधी "हे बोलतंय कोण आणि कधी" ते बघायचं, बाकी सगळं नंतर.

हे नीट कळायला एकच सीन घेऊ. २०१९ च्या अ‍ॅव्हेंजर्स एंडगेममधे शेवटच्या लढाईत कॅप्टन अमेरिका थॉरचा हातोडा उचलतो (एवढा जुना पिक्चर आहे, हा स्पॉयलर धरू नका प्लीज). त्या क्षणी थिएटरांमधे जो कल्ला झाला त्याचे आवाज लोक अजून शोधून शोधून ऐकतात. आता हा हातोडा फक्त लायक माणसालाच उचलता येतो हे थॉरच्या २०११ च्या पिक्चरमधे सांगून झालेलं होतं, मग २०१५ च्या एज ऑफ अल्ट्रॉनमधे पार्टीत सगळे मस्ती म्हणून एकेक करून उचलायला जातात, कोणाच्याच्याने होत नाही, आणि कॅपच्या हातून तो अगदी जरासा हलतो. एवढासाच. आणि थॉरचं हसू क्षणभर गायब होतं. ज्यांनी हे बघितलेलं त्यांची चार वर्षांची उधारी २०१९ ला एका झटक्यात वसूल झाली. आणि शेजारच्या सीटवर पहिल्यांदाच आलेल्या बिचाऱ्याला काय दिसलं? एका माणसाने हातोडा पकडला आणि आजूबाजूचे लोक येडे झाले. त्याने घरी जाऊन "उगाच आरडाओरडा, मला तर काही कळलं नाही" असं लिहिलं तर त्याला शिव्या घालायचं कारण नाही, त्याच्यापुरतं ते शंभर टक्के बरोबर आहे. तुम्ही जर त्याच्यासारखेच कोरे जाणार असाल तर तुमच्यासाठी त्याची रिअ‍ॅक्शन फॅनच्या शंभर रिअ‍ॅक्शनपेक्षा कामाची.

आधी तारीख बघा

सगळ्यात पहिल्या येतात त्या प्रीमियरच्या रिअ‍ॅक्शन. स्टुडिओने बोलावलेली माणसं, स्टारकास्ट त्याच हॉलमधे बसलेली, वातावरण तापलेलं, आणि पूर्ण रिव्ह्यू लिहायला अजून बंदी, म्हणजे ज्याला एम्बार्गो म्हणतात तो, फक्त दोन-चार ओळी टाकायची परवानगी. अशा वेळी कोण वाईट लिहिणार? ज्याला नाही आवडला तो बहुतेक गप्पच बसतो किंवा कौतुक करता येईल अशी एकच गोष्ट शोधून तेवढीच लिहितो. म्हणून या ओळींमधे काय लिहिलंय त्यापेक्षा काय लिहिलेलं नाही ते वाचा. सगळे जण एकाच अ‍ॅक्टरचं कौतुक करतायत आणि गोष्टीबद्दल कोणी चकार शब्द काढत नाहीये, किंवा "फॅन्सना नक्की आवडेल" असं तिसऱ्याच माणसाच्या नावावर ढकललंय, तर अपेक्षा जरा खाली आणून ठेवायच्या. एम्बार्गो रिलीजच्या अगदी आदल्या दिवशी उठतोय म्हणून पिक्चर पडेल असाच असणार, असं मात्र लगेच ठरवू नका, टीम-अपच्या बाबतीत स्पॉयलर फुटू नये म्हणून पण उशीर करतात.

मग क्रिटिक्सचे रिव्ह्यू, आणि मग पहिल्या रात्रीची पब्लिक. ही पहिल्या रात्रीची पब्लिक म्हणजे अ‍ॅडव्हान्स बुकिंग उघडल्याउघडल्या तिकीट काढणारी. यांनी पिक्चर आवडायचा निर्णय अर्धाअधिक आधीच घेतलेला असतो (मी पण यातलाच, त्यामुळे खात्रीने सांगतोय). यांच्याकडून वातावरण कसं होतं ते कळतं, पिक्चर कसा आहे ते थोडं कमी कळतं. शनिवार-रविवारी फॅमिलीवाले, सहज आलेले, मुलांना घेऊन आलेले लोक येतात, तेव्हापासून रिअ‍ॅक्शनमधे खरं मिश्रण सुरू होतं. माझं विचाराल तर रविवारी रात्रीपासून बुधवारपर्यंत जे लिहिलं जातं ते सगळ्यात भरवशाचं, कारण आरडाओरडा ओसरलेला असतो पण पिक्चर अजून डोक्यात ताजा असतो.

आकड्यांना किती मान द्यायचा

रॉटन टोमॅटोज या रिव्ह्यू गोळा करणाऱ्या साइटच्या टक्क्यांवरून जेवढी भांडणं होतात तेवढी कशावरूनच होत नसतील, आणि त्यातली निम्मी तरी तो आकडा काय आहे हेच माहीत नसल्यामुळे. टोमॅटोमीटर म्हणजे किती टक्के क्रिटिक्सनी बरा किंवा चांगला म्हटलं, बस. किती चांगला ते त्यात नाही. समजा शंभर क्रिटिक्सपैकी प्रत्येकाला पिक्चर नुसता "ठीक आहे, बघायला हरकत नाही" एवढाच वाटला, दहापैकी सहा, तरी शंभरच्या शंभर टक्के लागतात. आणि दुसऱ्या एका पिक्चरला साठ जणांनी डोक्यावर घेतलं आणि चाळीस जणांनी आपटलं तर साठ टक्के, म्हणजे "फ्रेश" (त्या साइटचा बघण्यालायक असा शिक्का) च्या बॉर्डरवर कसाबसा. मला स्वतःला हा दुसरा पिक्चर बघायला जास्त आवडेल, पण तो माझा प्रश्न झाला. मेटाक्रिटिक या तसल्याच दुसऱ्या साइटवर शंभरपैकी वजन देऊन काढलेली सरासरी असते, तिथे "ठीक आहे" वाला पिक्चर साठच्या आसपासच दिसेल. म्हणून दोन्ही एकदम उघडून बघायचे, एक आकडा खूप वर आणि दुसरा मधेच लटकलेला असेल तर समजून जा की पिक्चर सगळ्यांना चालला पण वेड कोणालाच लागलं नाही.

ऑडियन्स स्कोअरचं प्रकरण वेगळं. एक काळ असा होता की पिक्चर न बघता पण रॉटन टोमॅटोजवर लोक कॉमेंट टाकत सुटायचे, रिलीजच्या आधीच. २०१९ च्या फेब्रुवारीत त्यांनी रिलीजआधीच्या कॉमेंट बंद केल्या, आणि त्याच वर्षी मे महिन्यात तिकीट घेतल्याचं तपासलेल्या प्रेक्षकांचा स्कोअर वेगळा दाखवायला सुरुवात केली. त्यामुळे जिथे पर्याय आहे तिथे व्हेरिफाइड बघा. पण लक्षात ठेवा, पहिल्या दिवशीचा व्हेरिफाइड म्हणजे परत तेच अ‍ॅडव्हान्स बुकिंगवाले आपले बंधू.

मला सगळ्यात आवडतो तो सिनेमास्कोअर. ही अमेरिकेतली कंपनी पिक्चर लागतो त्या पहिल्या रात्री थिएटरमधे प्रेक्षकांच्या हातात छोटं कार्ड देते आणि ए प्लसपासून एफपर्यंत ग्रेड मागते. जुनी पद्धत आहे, पण बोलावून आणलेले लोक नाहीत, पदरचे पैसे घालून आलेले आहेत. आता इथे एक मेख आहे, सुपरहिरो पिक्चरची पहिल्या रात्रीची पब्लिक आधीच प्रेमात असल्यामुळे ग्रेड वरच्या बाजूला सरकलेली असते. शाळेत बी मिळाला तर घरी फार बोलत नाहीत, इथे बी म्हणजे घरचेच नाराज. २०१२ च्या पहिल्या अ‍ॅव्हेंजर्सला ए प्लस होता, २०१८ च्या इन्फिनिटी वॉरला ए, एंडगेमला परत ए प्लस. २०१६ च्या बॅटमॅन व्हर्सस सुपरमॅनला बी, २०१७ च्या जस्टिस लीगला बी प्लस, २०२३ च्या द मार्व्हल्सला बी. इन्फिनिटी वॉरचा ए बघा, शेवट एवढा अंगावर येणारा, अर्धे हिरो राख होऊन जातात आणि पिक्चर तिथेच संपतो, तरी लोकांनी ए दिला. नाराज होऊन बाहेर पडणं वेगळं आणि दुःखी होऊन बाहेर पडणं वेगळं, हे प्रेक्षकांना चांगलं कळतं.

दुसऱ्या वीकेंडची घसरण पण बघतात लोक, म्हणजे पहिल्या वीकेंडपेक्षा दुसऱ्याला कमाई किती टक्क्यांनी पडली. तोंडी प्रसिद्धी कशी झाली याचा त्यातून अंदाज येतो. बॅटमॅन व्हर्सस सुपरमॅनने अमेरिकेत पहिल्या वीकेंडला १६ कोटी ६० लाख डॉलर केले आणि दुसऱ्याला जवळजवळ ६९ टक्क्यांनी आपटला. २०१२ चा अ‍ॅव्हेंजर्स २० कोटी ७० लाखांवर उघडला आणि साधारण निम्म्यावर आला, म्हणजे लोक परत गेले, घरच्यांना घेऊन गेले. पण हे गणित डोळे मिटून लावू नका, कारण एंडगेम पण दुसऱ्या वीकेंडला ५९ टक्क्यांच्या आसपास घसरला होता, आणि त्याला नावं ठेवणारे शोधावे लागतात. झालं एवढंच की पहिल्याच वीकेंडला अमेरिकेत ३५ कोटी ७० लाख डॉलर, म्हणजे ज्याला घाई होती तो प्रत्येक जण पहिल्या तीन दिवसांतच जाऊन आला, स्पॉयलरच्या भीतीने. तेव्हा घसरण बघताना पहिला वीकेंड किती फुगलेला होता ते पण बघायचं.

बोलतंय कोण

एका हिरोच्या फॅनची रिअ‍ॅक्शन ओळखायला सोपी. पहिल्या तीन वाक्यांत त्याच्या हिरोला किती मिनिटं मिळाली याचा हिशोब येतो. त्याला पिक्चर नाही आवडला याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच की त्याच्या हिरोला मार पडला किंवा विनोदी करून टाकला. त्याचं दुःख खरं आहे, पण तुम्ही त्या हिरोचे फॅन नसाल तर पुढे सरका. कॉमिक्स वाचणारा माणूस पडद्यावरच्या गोष्टीची तुलना कागदावरच्या गोष्टीशी करणारच, त्याच्याकडून माहिती भरपूर मिळते, निकाल घेऊ नका. हे टीम-अप काही आजचं खूळ नाही, अ‍ॅव्हेंजर्सचं पहिलं कॉमिक १९६३ चं, जस्टिस लीग त्याच्याही आधी १९६० चं, म्हणजे या माणसाच्या डोक्यात साठ वर्षांचा माल भरलेला आहे आणि दोन-अडीच तासांच्या पिक्चरमधे तो कधीच मावणार नसतो.

आई-बाबा लोकांची रिअ‍ॅक्शन कोणी फारशी वाचत नाही, वाचा. पिक्चर किती लांबला, मुलं कुठे घाबरली, कोण मेल्यावर रडली, कधी उठून बाहेर जावं लागलं, हे ते बरोबर सांगतात. एंडगेम १८१ मिनिटांचा होता, अशा वेळी "मधला एक तास मुलगा चुळबुळ करत होता" हे वाक्य कोणत्याही क्रिटिकच्या "मध्यंतरीचा भाग किंचित रेंगाळतो" पेक्षा स्पष्ट आहे.

आणि ओढून आणलेला माणूस. हा तर हिरा आहे. याला आधीचं काही माहीत नाही, कोणाच्या बाजूने बोलायचं नाही, त्यामुळे पिक्चर स्वतःच्या पायावर उभा राहतो का ते फक्त हाच सांगू शकतो. याने "कोण कोणाचा काय ते कळलं नाही पण मजा आली" लिहिलं असेल तर समजा दिग्दर्शकाने काम केलंय. याने "फोन बघत बसलो" लिहिलं असेल तर पिक्चर फक्त जुन्या ओळखीवर चाललाय.

आता एक नमुना घेऊन सोलून बघू. समजा कोणी लिहिलंय, "पहिला तास स्लो, सेकंड हाफला अंगावर काटा, व्हिलन वाया घालवला, व्हीएफएक्स गंडलंय, एकूण पैसा वसूल." यातलं "पहिला तास स्लो" म्हणजे टीम-अपमधे जवळजवळ नेहमी टीम जमवायचा भाग, एकाला इकडून उचल, दुसऱ्याला तिकडून पटव, दोघांचं भांडण लाव. तुम्हाला मारामारीपेक्षा ही नोकझोक आवडत असेल तर तुमच्यासाठी तोच तास बेस्ट. "व्हिलन वाया" म्हणजे बहुतेक हिरोंच्या आपापसातल्या भांडणानेच सगळा वेळ खाल्ला. "व्हीएफएक्स (कॉम्प्युटरवर केलेली दृश्यं) गंडलंय" वाल्याला विचारा कोणत्या सीनमधे, सांगता आलं तर विश्वास ठेवा, नाही आलं तर त्याने ते दुसरीकडे वाचलंय. "अंगावर काटा" चा तर काहीच अर्थ लागत नाही जोवर कुठे आला ते कळत नाही. कोणाच्या एन्ट्रीला आला की कोणाच्या निर्णयाला आला, या दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, त्यावरच आता येतो.

हॉलमधे बसल्यावर कान कुठे ठेवायचे

टाळ्या दोन जातीच्या असतात. एक ओळखीच्या, दुसऱ्या कमाईच्या. ओळखीच्या टाळ्या स्वस्त, जुना चेहरा दाराआडून आला, म्युझिक वाजलं, लोक उभे. पिक्चर कसाही असला तरी या पडणारच. कमाईच्या टाळ्या तेव्हा पडतात जेव्हा एखादं पात्र असं काही करतं ज्याची आपण नकळत वाट बघत होतो. २०२१ च्या स्पायडरमॅन नो वे होममधे दोन्ही आहेत. आधीच्या पिक्चरमधले जुने दोन स्पायडरमॅन पडद्यावर येतात तेव्हा जो दंगा झाला तो ओळखीचा, मनापासूनचा, पण ओळखीचा. नंतर अँड्र्यू गारफिल्डचा स्पायडरमॅन खाली पडणाऱ्या एमजेला (आत्ताच्या स्पायडरमॅनची गर्लफ्रेंड) झेलतो आणि त्याचा चेहरा बघा, २०१४ च्या त्याच्या पिक्चरमधे तो स्वतःच्या गर्लफ्रेंडला, ग्वेनला, असंच पडताना वाचवू शकला नव्हता ना. हा सीन ज्याला समजला तो ओरडला नसेल कदाचित, नुसता घशात काहीतरी अडकून बसला असेल. रिअ‍ॅक्शन लिहिताना पहिल्या प्रकाराचं कौतुक एका वाक्यात उरका आणि दुसऱ्यावर वेळ घालवा, वाचणाऱ्याला त्याचाच उपयोग.

अजून एक बारीक गोष्ट. काही पिक्चरमधे मोठ्या एन्ट्रीनंतर दोन-तीन सेकंद कोणीच काही बोलत नाही, पात्र नुसतं उभं. भरलेल्या हॉलमधे ते लक्षातही येत नाही, कारण तेवढ्यात आपण ओरडत असतो. तोच पिक्चर घरी टीव्हीवर लावला की तिथे विचित्र भोक पडल्यासारखं वाटतं. म्हणून कोणी "घरी बघितला, एवढा काही नव्हता" म्हणालं तर त्याने किती लोकांबरोबर बघितला ते विचारून घ्या. आणि रिकाम्या हॉलमधेही जो सीन चालतो त्याला जास्त मार्क द्या.

विनोदावर हसणं कुठे थांबलं तेही ऐका. टीम-अपमधे विनोदांचा मारा असतो, पहिल्या तासाला सगळे हसतात, आणि एखादा सीरियस प्रसंग चालू असताना परत कोणीतरी जोक मारतो तेव्हा हॉल हसला का नुसता कुजबुजला, यावरून दिग्दर्शकाचा सूर सुटला का ते कळतं. आणि हे सगळं डोक्यात ठेवायचं हां, फोन काढून स्क्रीन रेकॉर्ड करत बसू नका, पायरसी तर आहेच, मागच्या रांगेतल्याच्या डोळ्यात उजेड पण जातो. ते जे हॉलमधल्या आरडाओरड्याचे व्हिडिओ फिरतात ना, त्यावर पण फार जाऊ नका, हजारो हॉलपैकी जो सगळ्यात जोरात ओरडला तोच फिरतो, बाकीच्या हॉलमधे लोक शांतपणे बसून बघत होते त्याचा व्हिडिओ कोण टाकणार.

आता तुमची लिहा

बाहेर पडल्यावर पार्किंगमधून लगेच टाकू नका. रात्रभर जाऊ द्या. रात्री जे सीन आपोआप आठवतात ते खरे, बाकी सगळा आवाज होता. सकाळी तीन-चार सीन पण आठवत नसतील तर तीच तुमची रिअ‍ॅक्शन, तसंच लिहा.

पहिल्याच ओळीत तुम्ही कोण ते सांगून टाका. "आधीचे सगळे बघितलेत", "फक्त दोन बघितलेत", "बायकोने नेलं", काय असेल ते. या एका ओळीने वाचणाऱ्याची निम्मी मेहनत वाचते, आणि फार कमी लोक हे करतात. मग प्रत्येकाच्या वाट्याला काय आलं ते. टीम-अपचा खरा कस इथेच लागतो, सहा-सात जण असताना कोणाकडे करायला काम होतं आणि कोण नुसता फोटोपुरता उभा होता. मोजायची एक सोपी युक्ती म्हणजे त्या पात्राला पिक्चरमधून मनातल्या मनात काढून बघा, गोष्टीचं काही अडलं का? नसेल अडत तर तो पाहुणा होता. २०१२ च्या अ‍ॅव्हेंजर्सचं एवढं कौतुक का झालं तर त्यात एकमेकांशी न जमणारी माणसं एकत्र येताना बऱ्याच जणांना काहीतरी ठोस करायला मिळालं.

मारामारीबद्दल लिहिताना "अ‍ॅक्शन खतरनाक" एवढ्यावर सोडू नका. कोण कुठे उभा आहे, कोण कोणाला मारतोय, ते तुम्हाला कळत होतं का? शेवटच्या लढाईत सगळे एकदम उडायला लागले की पडद्यावर नुसता राखाडी धुरळा, त्यात कोणाचा हात आणि कोणाचा पाय. जर तुम्हाला पूर्ण लढाई क्रमाने सांगता येत असेल तर ती चांगली शूट केलीये, एवढं साधं आहे. आणि दोघांच्या ताकदी मिळून काही नवीन घडलं का, म्हणजे एकाची ढाल आणि दुसऱ्याची वीज असं काही, की सगळे आपापल्या कोपऱ्यात आपापले शत्रू मारत बसले? एकत्र आणलेच कशाला मग.

व्हिलनबद्दल एक प्रश्न पुरे, त्याला काय हवंय ते तुम्हाला एका वाक्यात सांगता येतं का. इन्फिनिटी वॉर आणि एंडगेमचा व्हिलन थॅनोस, त्याचं येतं. बऱ्याच जणांचं येत नाही, आकाशात निळा झोत सोडण्यापलीकडे त्यांचा प्लॅन काय होता ते बाहेर आल्यावर कोणालाच आठवत नाही.

स्पॉयलर

यावर जरा थांबतो कारण चांगले चांगले लोक इथे घसरतात. स्पॉयलर म्हणजे फक्त "अमुक मरतो" एवढंच नाही. "शेवटी रडलो" हा स्पॉयलर आहे. "एक कॅमिओ (छोटी पाहुणी भूमिका) आहे, खुर्चीतून पडाल" हा तर नक्कीच आहे, कारण आता तो माणूस पूर्ण पिक्चरभर त्याचीच वाट बघत बसणार. "शेवट अजिबात वाटला नव्हता तसा" हा पण. आणि हसू-रडूच्या इमोजींची रांग टाकून वर "नो स्पॉयलर" लिहिणारे, तुम्हाला काय म्हणावं.

साधा नियम, ट्रेलरमधे जे दाखवलंय आणि पहिल्या अर्ध्या तासात जे घडतं तेवढं मोकळेपणाने बोला. त्यापुढचं सांगायचंच असेल तर भावना सांगा पण जागा सांगू नका, किंवा जागा सांगा पण काय घडलं ते सांगू नका, दोन्ही एकत्र आलं की संपलं. एंडगेमच्या वेळी दिग्दर्शक रूसो बंधूंनी स्पॉयलर देऊ नका म्हणून पत्र काढलं होतं, आणि पिक्चर २६ एप्रिलला अमेरिकेत लागल्यावर ६ मे पासून आता बोला अशी मोकळीक पण त्यांनीच दिली, म्हणजे मधे दोन वीकेंड गेले. मला हे माप बरोबर वाटतं. दोन वीकेंड गप्प बसा, त्यानंतर वर मोठ्या अक्षरात स्पॉयलर लिहून खाली चार-पाच ओळी मोकळ्या सोडून मग काय ते बोला. त्याच्यानंतरही ज्याने बघितला नाही त्याची जबाबदारी थोडी त्याची पण आहे.

भांडायला येणारे येतीलच, मार्व्हलवाले (अ‍ॅव्हेंजर्सचे) आणि डीसीवाले (बॅटमॅन, सुपरमॅन, जस्टिस लीगचे) यांचं तर कायमचंच. ज्याने पिक्चर बघितलाय आणि तुमच्या एखाद्या सीनवर बोलतोय त्याला उत्तर द्या. जो तुम्ही कोणत्या पार्टीचे ते विचारतोय त्याला सोडून द्या. मत बदललं तर खाली जोडून लिहा, जुनं खोडू नका. जस्टिस लीगचंच बघा, २०१७ ला लोकांनी जो दोन तासांचा पिक्चर बघितला त्याच्या मधेच दिग्दर्शक झॅक स्नायडर बाहेर पडला होता आणि बराचसा भाग दुसऱ्याने परत शूट केला, मग फॅन्सनी वर्षानुवर्षं मागे लागून २०२१ ला त्याचं व्हर्जन बाहेर काढायला लावलं, ते चार तासांचं. टीममधल्या सायबॉर्ग या हिरोला पहिल्यात जेमतेम काम होतं, दुसऱ्यात तो गोष्टीच्या मधोमध आहे. दोन्ही रिअ‍ॅक्शन शेजारी शेजारी असतील तर वाचणाऱ्याला कळतं की तक्रार नेमकी कशाची होती.

राहिला तो मेसेज जो सगळ्यांना येतो, "बघू का रे?" याला हो-नाही उत्तर देऊ नका, आधी दोन गोष्टी विचारा, आधीचं काय बघितलंयस आणि कोणाबरोबर जातोयस. काहीच बघितलं नसेल तर वीस पिक्चरची यादी तोंडावर मारू नका, तो घाबरून पिक्चरलाच जाणार नाही. ज्यांच्याशिवाय खरंच अडेल असे दोन-तीन सांगा, बाकीचं दोन वाक्यांत सांगून टाका. आणि क्रेडिट्सनंतर बसायचं का ते न विसरता सांगा. २०१२ च्या अ‍ॅव्हेंजर्सला दोन सीन होते, एक मधे आणि एक सगळी नावं संपल्यावर, अर्धा हॉल तोवर बाहेर. एंडगेमला एकही नव्हता, शेवटी नुसता हातोड्याने ठोकल्याचा आवाज, आणि सवयीने बसून राहिलेली पब्लिक एकमेकांकडे बघत होती. किती आहेत आणि कधी आहेत एवढंच सांगायचं, त्यात कोण येतं ते नाही.